रजेवरचा जवान आणि त्याचा गणवेश



आपल्याकडे खेड्यात फौजेतला माणूस सुट्टीवर आला, की त्याचा हुद्दा शिपायाचा असो वा सुभेदाराचा, गाव त्याला 'मेजर' म्हणूनच हाक मारतं. एस. टी. तून उतरल्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत दहा जण तरी विचारतात, "काय मेजर, कधी आलात?" हा मान कुणी कायद्याने दिलेला नाही. तो पिढ्यान् पिढ्यांच्या सेवेतून आलेला आहे. सातारा जिल्ह्यात आपशिंगे नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, असं तिथला इतिहास सांगतो. आज त्या गावाला 'आपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात. अशा मुलखातल्या लोकांपुढे फौजेच्या गणवेशाविषयी बोलायचं म्हणजे जाणत्यांना जाणतेपण शिकवण्यासारखं आहे. तरी पण या विषयाची एक बाजू अशी आहे, की जिच्याकडे आपलं लक्ष थोडं कमी जातं. कामावर असताना गणवेश कसा घालावा, हे जवानाला कवायतीच्या मैदानावर उस्ताद शिकवतो. पण कामावर नसताना काय? रजेत, प्रवासात, लग्नकार्यात, निवृत्तीनंतर तो घालावा की घालू नये? आणि जो फौजेत नाहीच, त्याने तो अंगावर चढवला तर काय बिघडलं? आज आपण याचाच विचार करू.

प्रथम गणवेश म्हणजे काय, ते पाहू. आपण ज्याला खाकी म्हणतो, तो रंग फौजेत आला तो आपल्याच भूमीवर. १८४६ साली पेशावरला 'कोअर ऑफ गाइड्स' नावाचं पथक उभं राहिलं. तेव्हाच्या इंग्रजी फौजेचा डगला लालभडक असे. दुरूनही नजरेत भरे. या पथकाने मात्र धुळीच्या रंगाचे कपडे पत्करले. फारसीत 'खाक' म्हणजे धूळ, माती, त्यावरून खाकी. म्हणजे शत्रूच्या नजरेला पडू नये, म्हणून हा रंग. पण गंमत अशी, की रंग लपण्यासाठी असला तरी गणवेश हा ओळख पटण्यासाठीच असतो. लढणारा कोण आणि शेतात नांगर धरणारा कोण, हे युद्धात वेगळं ओळखू आलं पाहिजे. नाही तर बंदुकीची नळी बायकामुलांवरही वळेल. म्हणून १९०७ सालच्या हेगच्या नियमांनी आणि पुढे १९४९ सालच्या जिनिव्हा करारांनी हा भेद जपला. गणवेशातला सैनिक शत्रूच्या हाती सापडला, तर तो युद्धकैदी ठरतो. त्याला मारता येत नाही, छळता येत नाही. तोच सैनिक वेष पालटून हेरगिरी करताना सापडला, तर हा हक्क त्याला सांगता येत नाही. आपल्या देशाने या करारांसाठी १९६० साली स्वतंत्र कायदाही केला.

याचा अर्थ असा, की गणवेश बोलतो. तो म्हणतो, 'हा माणूस स्वतःच्या मर्जीने हत्यार धरून उभा नाही. देशाच्या हुकमाने उभा आहे, आणि याच्या कृत्याची जबाबदारी देशाने घेतली आहे.' २६ जानेवारी १९५० रोजी आपण प्रजासत्ताक झालो, तेव्हा फौजेच्या बिल्ल्यांवरचा राजमुकुट गेला आणि त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. माणसं तीच, पलटणी त्याच, डोंगरावरच्या चौक्याही त्याच. बदललं एवढंच, की गणवेश आता कुणाच्या वतीने बोलणार. पूर्वी तो एका राजाच्या वतीने बोलत असे; आता तो तुमच्या-आमच्या वतीने बोलतो.

एवढं ध्यानात घेतलं, की कामावर नसतानाचे सगळे नियम आपोआप उलगडतात. मी देशाच्या कामावर नाही, स्वतःच्या कामावर आहे, बहिणीच्या लग्नाला, शेताच्या वाटणीला किंवा आठवड्याच्या बाजाराला निघालो आहे, तर देशाच्या वतीने बोलणारा कपडा मी अंगावर कशासाठी ठेवू? म्हणून जवान रजेवर निघाला, की साधारणतः साध्या कपड्यांत प्रवास करतो. इंग्रजांच्या वेळेपासून फौजेत या साध्या कपड्यांना 'मुफ्ती' असं म्हणतात. साध्या कपड्यांत राहण्यात सुरक्षितताही आहे. गाडीच्या डब्यात शेजारी कोण बसला आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं. कुठल्या पलटणीचा माणूस कुठून कुठे चालला, हे बिल्ल्यावरून वाचता येतं. आणि ते वाचणारा प्रत्येक जण आपला असतोच असं नाही.

आता आईला वाटतं, की लेकाला एकदा तरी गणवेशात डोळे भरून पाहावं. वाटणारच! शिवारातल्या कामाने जिचे हात खरबरीत झाले, तिला त्या कपड्याचा अभिमान नाही वाटणार तर कुणाला? घरात आईसमोर चार घटका गणवेश घातला, तर जवान काही तोतया ठरत नाही. तो खराच सैनिक आहे. त्याच्यापुढे प्रश्न असतो तो शिस्तीचा. गावच्या समारंभात, शाळेच्या झेंडावंदनाला किंवा स्वतःच्या लग्नात गणवेश घालायचा असेल, तर त्याने आपल्या पलटणीला विचारावं आणि वरिष्ठ सांगतील तसं करावं. त्यात कमीपणा नाही. कपडा ज्याचा, परवानगी त्याची.

मात्र एकदा अंगावर चढवला, की गणवेश पुरा घातला पाहिजे. वर लष्करी सदरा आणि खाली लुंगी, किंवा पायात चपला आणि डोक्यावर पलटणीची टोपी, असलं कडबोळं चालत नाही. गुंड्या लावलेल्या, दाढी केलेली, बूट चकचकीत. खिशात हात घालून रेंगाळणं नाही, पानाची पिचकारी नाही. सलामीचंही असंच आहे. आपल्या फौजेत डोक्यावर टोपी किंवा पगडी असल्याखेरीज हाताने सलाम करीत नाहीत. बोडक्या डोक्याने सावधान उभं राहतात. आणि सलाम हा त्या माणसाला नसतो. तो त्याच्या हुद्द्याला असतो, आणि त्या हुद्द्यामागे उभ्या असलेल्या राष्ट्रपतींच्या नेमणुकीला असतो. गावात मुलं जवानाला गंमतीने कडक सलाम ठोकतात, त्यात वावगं काही नाही. पण सलामीचा हा अर्थ त्यांना कुणी तरी सांगितलेला बरा.

काही ठिकाणी तर गणवेश चुकूनही दिसता कामा नये. पहिलं ठिकाण म्हणजे राजकीय सभा. १९५४ सालच्या सेना नियमांप्रमाणे सैनिकाने पक्षाच्या किंवा राजकीय हेतूने भरवलेल्या सभेत, मिरवणुकीत भाग घ्यायचा नाही. मग तिथे गणवेशाने जाणं तर दूरच. निवडणूक आयोगानेही २०१३ साली आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये राजकीय पक्षांना बजावलं, की सैनिकांची छायाचित्रं प्रचाराला वापरू नका. कारण उघड आहे. फौज या पक्षाची किंवा त्या पक्षाची नसते. गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा धुरळा उडालेला असतो, अशा वेळी एखादा पुढारी म्हणतो, "मेजर, तुम्ही नुसते ड्रेसवर येऊन बाजूला उभे राहा." या 'नुसतं'चा अर्थ ओळखावा आणि हात जोडावेत.

दुसरं ठिकाण भांडणाचं. बांधाचा तंटा, पाण्याच्या पाळीचा तंटा, भावकीतली जुनी अढी हे सगळं जवानाच्याही घरी असतं. दोन वर्षांची सगळी गाऱ्हाणी त्याच्या महिन्याभराच्या रजेची वाट पाहत बसलेली असतात. तिथे गणवेशाचा धाक घालणं म्हणजे देशाचं वजन आपल्या तराजूत टाकणं. समोरचा तेवढ्यापुरता गप्प बसेल. पण त्या दिवसापासून तो फौजेच्या कपड्याकडे वेगळ्या नजरेने पाहील.

तिसरं ठिकाण नव्या काळातलं आहे, मोबाईलचं. गणवेशातलं छायाचित्र एकदा जगासमोर टाकलं, की ते कुणाकुणाच्या हाती जाईल याला धरबंध नाही. त्यातून हुद्दा कळतो, पलटण कळते, पाठीमागची जागा कळते. शत्रूचे हस्तक गोड बोलून ओळख वाढवतात, ती अशा छायाचित्रांवरूनच. म्हणून हा मोह जवानाने आवरावा. आणि त्याच्या भावंडांनी, मित्रांनीही आवरावा. पुष्कळदा छायाचित्र जवान टाकत नाही, हौशी मेहुणा टाकतो!

आता निवृत्त सैनिकांकडे वळू. निवृत्तीनंतर गणवेश हा रोजचा पोषाख राहत नाही. पण पदकं राहतात. ती कमावलेली असतात. समारंभाला साध्या कोटावर किंवा सदऱ्यावर आपली पदकं डाव्या छातीवर लावायची, अशी रीत आहे. ती आपल्या क्रमाने, नीट रांगेत लावावीत. आणि एक नाजूक नियम सांगतो. जवान देशासाठी कामी आला असेल, तर त्याच्या स्मृतिस्थळी किंवा श्रद्धांजलीच्या प्रसंगी त्याच्या जवळच्या नातलगांनी त्याची पदकं उजव्या छातीवर लावावीत, अशी मुभा आपल्या सेनेने २०१८ साली दिली. डावी छाती कमावणाऱ्याची, उजवी त्याची आठवण वाहणाऱ्याची. एखादी वीरपत्नी उजवीकडे पदक लावून उभी दिसली, तर तिचं चुकलं असं समजून कुणी तिला टोकू नये. उलट तिथे आपण उठून उभं राहावं. पदकांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. परमवीरचक्राची आकृती ज्यांनी रेखाटली, त्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने युरोपातल्या, पण एका मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या.

निवृत्त जवानांपैकी पुष्कळ जण पुढे कारखान्यात, बँकेत, साखरेच्या गोदामावर पहारेकरी म्हणून काम धरतात. ते काम चांगलंच आहे. पण तिथे जुना लष्करी गणवेश चालत नाही. खाजगी सुरक्षा संस्थांविषयीचा २००५ सालचा कायदा सांगतो, की पहारेकऱ्याने लष्कराचा, नौदलाचा, हवाई दलाचा किंवा पोलिसांचा गणवेश, अगर तसा दिसणारा पोषाख घातला, तर पहारेकरी आणि संस्थेचा मालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अगर दोन्ही होऊ शकतात. नोकरी देणारा म्हणेल, "तुमचा तो जुना ड्रेस असेल तर घाला, जरा दरारा राहील." तेव्हा हे कलम त्याच्या कानावर घालावं.

आणि माझ्या बहिणींना एक विनंती. जुने कपडे बोहारणीला देऊन त्यावर एखादं पातेलं घ्यायचं, ही आपल्या घरातली जुनी रीत. त्या बोचक्यात घरधन्याचा किंवा दिराचा जुना गणवेश जाऊ देऊ नका. शेतातल्या कामाला तो कपडा बळकट असतो खरा. पण त्यावरचे बिल्ले, फिती, पट्ट्या आधी काढून ठेवा. ज्याचं मोल एका पातेल्याएवढं आपण करतो, त्याचं मोल एखादा ठग फार वेगळं करतो.

इथे आपण कायद्याच्या मुद्द्यावर येतो. जो सैनिक नाही, त्याने सैनिकासारखा पोषाख केला किंवा तशी खूण बाळगली, आणि लोकांनी आपल्याला सैनिक समजावं असा हेतू धरला, तर तो गुन्हा आहे. १८६० सालच्या दंडसंहितेत हे १४० वं कलम होतं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात हेच कलम १६८ वं आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. यातला कळीचा शब्द आहे 'हेतू'.

हा हेतू म्हणजे काय, हे आपल्या बहुरूप्याने आपल्याला कधीच शिकवलं आहे. बहुरूपी गावात फौजदाराचं सोंग घेऊन येतो, दारात उभा राहून खोटाखोटा दरडावतो, "चला, वॉरंट निघालंय!" आणि सगळं घर हसतं. त्याला फौजदार समजून कुणी फसावं, असा त्याचा हेतू नसतो. सोंग ओळखावं आणि ओंजळभर धान्य घालावं, एवढाच असतो. पोषाख तोच, पण बहुरूपी सोंग दाखवतो आणि ठग सोंग लपवतो. सगळा फरक तिथे आहे.

याच कसोटीवर शाळेतल्या कार्यक्रमांचा प्रश्न सुटतो. शिक्षकबंधू नेहमी विचारतात, की स्नेहसंमेलनात मुलाला जवान करून उभं केलं, तर ते बेकायदा होईल का? होणार नाही. नाटकातला जवान हा नाटकातला आहे, हे पाहणाऱ्याला ठाऊक असतं. तरी त्यात मर्यादा ठेवावी. खरे बिल्ले, खरी पदकं वापरू नयेत. दारू पिऊन झोकांड्या खाणारा जवान दाखवून हशा मिळवू नये. समोरच्या सतरंजीवर एखाद्या जवानाची लहान मुलगी बसलेली असते. एन. सी. सी. च्या छात्रांची गोष्ट थोडी निराळी. ती संघटना १९४८ च्या कायद्याने उभी राहिली आणि तिचा गणवेश खरा आहे, सोंगाचा नाही. म्हणून छात्राने तो कवायतीला, शिबिराला, संचलनाला घालावा. सिनेमाला जाताना किंवा बसमध्ये जागा मिळवायला घालू नये. पोराला ही सवय सोळाव्या वर्षी लागली, की पुढे सव्विसाव्या वर्षी ती त्याला सांगावी लागत नाही.

उरला बाजारातला कपडा. आठवड्याच्या बाजारात हिरव्या-तपकिरी ठिपक्यांच्या विजारी टांगलेल्या असतात. टिकाऊ म्हणून आपली तरुण मुलं त्या घेतात. नुसती विजार घातली म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. हेतूचा मुद्दा तिथेही आहेच. पण जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे अतिरेकी लष्करी पोषाखात आले होते, हे विसरू नये. त्यानंतर सेनेने नागरिकांना आणि दुकानदारांना आवाहन केलं, की लष्करी नमुन्याचे कपडे घालू नका, विकू नका. पुढे १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनाला नव्या नमुन्याचा लढाऊ गणवेश प्रथम दिसला, आणि त्याच वर्षी सेनेने त्या नमुन्याची रीतसर नोंदणी करून त्यावर आपला हक्क प्रस्थापित केला. उद्या एखाद्या चौकीवर पहारेकऱ्याला क्षणात ठरवावं लागेल, की समोरचा आपला की परका. कपड्यांची सरमिसळ झाली, तर त्या क्षणी चूक होईल, आणि ती चूक कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

आणि शेवटी, ज्याची झळ आपल्या खेड्यांना सगळ्यांत जास्त लागते, ती गोष्ट. भरतीच्या नावाने फसवणूक. अशा बातम्या वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. कुणी एक जण गणवेशात गावात येतो, साहेबांशी ओळख सांगतो, पोराचं काम करून देतो म्हणतो. बाप बैलजोडी विकतो, आई डोरलं गहाण ठेवते. पैसे घेऊन तो जातो तो जातोच. तो फसवू शकतो कशाच्या जोरावर? त्याच्या अकलेच्या नव्हे. गावाचा गणवेशावर जो विश्वास आहे, त्याच्या जोरावर. तो विश्वास खऱ्या जवानांनी रक्त सांडून मिळवलेला. आणि खर्च करतो हा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपण म्हणतो. हा ठग दुसऱ्याचं सोंग आणून आपला पैसा नेतो!

म्हणून गावोगावच्या पालकांनी एक गोष्ट गाठीला बांधावी. भरतीसाठी माणसाच्या हातात पैसे मागण्याचा अधिकार कुठल्याही गणवेशाला नाही. मग तो गणवेश खोटा असो की खरा असो. असं कुणी मागितलं, तर पोलिस ठाणं गाठावं. शंका असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असतं, तिथे चौकशी करावी. शिक्षकांनी तर भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना एकत्र बसवून हे सांगावं. मुलं तालमीत घाम गाळतात, पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. त्यांना धावण्याइतकंच हेही कळलं पाहिजे. गावात एखादा निवृत्त हवालदार-सुभेदार असेल, तर त्याला शाळेत बोलवावं. कुठल्या हुद्द्याला बाहीवर किती फिती, कुणाच्या खांद्यावर तारे आणि कुणाच्या खांद्यावर सिंह, हे तो तासाभरात शिकवील. मग गाव प्रत्येकाला 'मेजर' म्हणून हाक मारो बापडं; पण खरा मेजर कोण, हे गावातलं शेंबडं पोरही ओळखील.

जवान बारा महिन्यांतले बरेचसे दिवस गणवेशात राहतो. रजेचे थोडे दिवस तो आपला मुलगा, भाऊ, नवरा, बाप म्हणून घरी येतो. त्या दिवसांत त्याला धोतर-पायजम्यात मोकळा बसू द्यावा. त्याचा गणवेश पेटीत घडी करून ठेवलेला असतो, पण मान पेटीत नसतो. तो गावाने द्यायचा असतो, आणि तो देण्यासाठी कपडा पाहण्याची गरज पडू नये.